अरालीचा अंगठा

इरुंबाला मी कधी इरुंबा म्हटलं नाही. आमच्यात माणसाला त्याच्या पाकोनं हाक मारतात, म्हणजे लहानपणीच मिळालेल्या मायेच्या नावानं. तो अराली, मी अब्वोली. नुसतं नाव घ्यायचं ते भांडणात, नाहीतर कचेरीत. तेव्हा आधीच सांगतो, हा माणूस माझ्या तोंडी अरालीच राहणार. तेवढा हक्क मला उरलाय का, ते तुम्ही ठरवा.

तरुणपणी अराली जंगलात हरणांसाठी तारेचे फास लावायचा. एकदा फासात चिंपांझीचं पिल्लू अडकलं आणि त्याचा उजवा पंजा गेला. पुढे परदेशातून संशोधन करायला डॉक्टरबाई आल्या. त्यांना चिंपांझींचा माग काढणारी माणसं हवी होती. आम्ही सगळ्यांनी आपापली फुशारकी मारली. अराली म्हणाला, "बाई, तो थोटा टिंका आहे ना, तो माझ्यामुळे थोटा झालाय." मी कपाळावर हात मारला. गेली म्हटलं याची नोकरी! बाईंनी पहिलं त्यालाच घेतलं.

बारा वर्षं आमची जोडी होती. त्याला लिहिता येत नव्हतं. दिवसभर पाहिलेलं तो सांगायचा, मी लिहायचो, खाली तो अंगठा उठवायचा. बाईंना एकच ध्यास लागलेला: खोटं कुठून आलं. "माणूस व्हायच्या आधीपासून आपण फसवतोय," म्हणायच्या. टिंका त्यांचा लाडका. पिकलेलं उंबर दिसलं की हा गडी त्याच्याकडे पाठ करून बसायचा, कोपर खाजवायचा, भलतीकडे बघायचा. थोराड नर निघून गेला की हळूच तोडून खायचा. अरालीनं एकदा विचारलं, "आणि लाज, बाई? तीही त्यांच्यातच जन्मली का?"

बाई हसल्या. "ते अजून सापडलं नाही, अराली."

मग तो दिवस आला. दुपारनंतर आम्ही दोन वाटांनी गेलो, टिंकाचा माग माझ्या एकट्याकडे होता. मेव्हण्याकडे केळ्याची दारू तयार झाली होती. गेलो आणि तिथंच लवंडलो. सकाळी कोरा कागद कसा द्यायचा? दिलं ठोकून. टिंकानं फळ पाठीमागे लपवलं, थोराडाला उलट्या दिशेला पिटाळलं, असं काहीबाही, बाई खूश होतील असं. आणि पाहणारा म्हणून नाव टाकलं अरालीचं, कारण त्याच्या शब्दावर बाईंचा डोळे मिटून विश्वास. त्यानं नेहमीसारखा अंगठा उठवला. काय लिहिलंय, विचारलंसुद्धा नाही.

आठवड्यानं बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या दुपारी टिंका नदीपलीकडे होता, दुसऱ्या जोडीनं त्याचे फोटो काढले होते.

"अराली, हे तू पाहिलंस?"

"नाही, बाई."

"मग अंगठा कुणाचा?"

"माझाच."

तो माझ्याकडे वळला. बोल की रे, एवढंच होतं त्या डोळ्यांत. आणि मी? मी कोपर खाजवलं. खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. गावभर झालं, फासवाला शेवटी फासवालाच.

दोन वर्षं मी त्याच्या घरावरून जायचं टाळलं. शेवटी भेट म्हणून साखर-मीठ घेऊन गेलो. तो मक्यातून बबून माकडं हाकलत होता. मी सगळं ओकून टाकलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "खाजवत होतास की. बारा वर्षं दुसरं काय पाहिलंय मी?"

"मी बाईंना सांगतो, अराली. उद्याच सांगतो."

"सांग ना. मला कशाला सांगतोस?"

तो उद्या काही उजाडला नाही. बाई मायदेशी परतल्या आणि मी माग काढणाऱ्यांचा मुकादम झालो. थू माझ्या जिण्यावर!

परवा बाजारात तो भेटला. केस पार पिकलेत. माझ्या बायकोला त्यानं तिच्या पाकोनं हाक मारली, माहेरची चौकशी केली. मग माझ्याकडे वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "कसा आहेस, ब्यारुहांगा?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

घरी येताना बायकोनं विचारलं, "अरालीनं तुमचं नुसतं नाव का घेतलं हो?"

"म्हातारा झालाय. विसरतो."

"विसरतो? माझ्या तिन्ही बहिणींचे पाको घेऊन विचारलं त्यानं!"

माझा हात कोपराकडे गेला होता. मी तो खाली घेतला आणि भलतीकडे बघत चालू लागलो.