हर्षलाची ढगळ पँट

हर्षला गेल्याचा फोन आला आणि मला आधी तिची पँट आठवली.

हसा. तीही हसली असती.

आज वर्ष झालं तिला जाऊन. आम्ही दोघी एकाच बॅचच्या पोलीस कॉन्स्टेबल. मी बोईसरची, वडील साताऱ्याहून येऊन इथल्या कंपनीत लागलेले. ती सातपाटीची, कोळ्यांची लेक.

खाकी कापड सगळ्यांना सारखंच. आम्ही पोरींनी पालघरला भारीतल्या टेलरकडे टाकलं. फिटिंग झकास! खिसे मात्र नावाला, त्यात रुमालही मावेना.

हर्षलाने पँट तिच्या गावातल्या टेलरमामांकडून शिवून घेतली. ते होडीवर जाणाऱ्यांचे कपडे शिवायचे. मांडीला ऐसपैस, मागे कमरेला इलॅस्टिक, खिसे हे एवढे खोल.

"आली बघा खलाशी," मी म्हणायचे.

"होडीवर वाकायला लागतं, उडी मारायला लागतं. आपल्या ड्युटीत दुसरं काय हाय?"

बंदोबस्तात आम्ही पाणीच पीत नसू. बेल्ट सोडा, इन केलेला शर्ट काढा, ती घट्ट पँट उतरवा, तेही कुणाच्या तरी घरी जाऊन. कोण करणार एवढा खटाटोप?

ही घटाघटा प्यायची. कुठल्याही दारात "मावशी, बाथरूम हाय का?" विचारायची आणि लगेच पॉइंटवर परत.

"पी गो मनीषा. किडनी सरकारची नाय हाय."

जळायचे मी. अक्षरशः जळायचे.

एकदा बाजारात एक जण बाईची चेन खेचून पळाला. आम्ही दोघी मागे. त्याने गटार ओलांडलं, मीही उडी मारली, आणि माझी मागची शिवण टर्रकन गेली.

मी भिंतीला पाठ लावून उभी. हर्षलाने त्याला कॉलर धरून आणला.

पेपरात फोटो तिचा. साहेबांची शाबासकी तिला.

"चल आमच्या मामांकडं, माप दे," ती म्हणाली.

"मला नको तुझं पोतं."

हळूहळू स्टेशनातल्या सगळ्या पोरी तिच्याबरोबर सातपाटीला जाऊन आल्या. मी सोडून. ती जाईल तिथे तिच्याभोवती घोळका, आणि इकडे माझा तिळपापड.

मग कावीळ झाली तिला. अंगावर काढली. गेली.

आम्ही ड्युटीवरून थेट तिच्या घरी पोचलो, युनिफॉर्ममध्येच. अंगणात सगळ्या पोरी तिच्या आईजवळ मांडी घालून बसल्या. मी एकटी उभी.

आईने वर बघितलं. "तू का उभी गो? बस."

"बसता येत नाही, आई. पँट फाटेल."

एवढ्या रडारडीत मी हे बोलले.

"फाटू दे. बस."

बसले. फाटली.

आईने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या कमरेला गुंडाळला आणि मला कुशीत ओढलं. स्वतःची लेक समोर ठेवलेली असताना.

हर्षला, पँट मी नंतर शिवून घेतली. तुझ्याच मामांकडून. तो हेवा संपला.

पण अशी आई तुला मिळाली होती, हा हेवा काही केल्या जात नाही गं.

जिथे असशील तिथे नीट राहा. भरल्या डोळ्यांनी सॅल्यूट.