शेवटचं पान दोनदा

धनराज उडाणटप्पू असता तर संध्याबाईंना एवढी काळजी वाटली नसती. तशा मुलावर ओरडता तरी येतं. हा पडला जपून वागणारा, आणि तरी महिनाभर त्याच्याबद्दलची धास्ती मनातून हलत नव्हती. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना, ती आपली सोबत असायचीच.

एकतीस वर्षांचा हा मुलगा दिंडोरीकडच्या सहा शेतकऱ्यांच्या द्राक्षबागांची देखरेख करायचा. ऑक्टोबरची छाटणी तो एका दमात करू द्यायचा नाही. अर्धी बाग आज, अर्धी दहा दिवसांनी. "फुलोऱ्यात पाऊस आला तर निम्मीच बाग सापडेल," असं सांगायचा, आणि त्याच्या दुप्पट वयाचे शेतकरी ऐकायचे. घरातही तेच. गाडीच्या किल्ल्या दोन ठिकाणी, आईच्या गोळ्या दोन डब्यांत. असा माणूस दर रविवारी मित्राच्या फार्महाउसवर पैसे लावून पोकर खेळतो, हे त्यांना पचत नव्हतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलंच. धनराजने ताटं सारून टेबलावर पत्ते मांडले.

"हे बघ. माझे नि समोरच्याचे सगळे पैसे लागले, दोघांची पानं उघडी, टेबलावरचं एकच पान उघडायचं राहिलं. न दिसलेली पानं चव्वेचाळीस. त्यातली अकरा माझ्या कामाची."

"म्हणजे चारात एकदा जिंकशील."

"वा, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स! आता आम्ही काय करतो, शेवटचं पान दोनदा वाटतो. अर्धे पैसे पहिल्या पानावर, अर्धे दुसऱ्यावर."

"त्यानं जिंकणं वाढतं?"

"छे गं. सरासरी तेवढीच. फक्त सगळं एकदम जात नाही. छाटणीसारखंच की." तो हसला. "म्हणून तर आता पंधराऐवजी तीस हजार लावतो."

दूध अर्ध्याऐवजी एक लिटर घेतो, अशा सुरात तो बोलला.

"आणि तीस आणतोस कुठून?"

"मजुरांच्या टोळीची उचल आहे ना गाडीत. छाटणीला पेठहून मुकादम लंकाबाईंची माणसं आलीत सकाळीच. त्यांना उद्या द्यायचीय."

"धनू, ते शेतकऱ्यांचे पैसे. त्या मजुरांच्या हक्काचे."

"चार तासांचा प्रश्न आहे, आई. दोनदा वाटतो म्हटलं ना. तू पड जरा." आणि तो बागेवर निघून गेला. तिथून सातला परस्पर खेळायला जाणार होता.

संध्याबाई पडल्या नाहीत. अंग जड झालं होतं, तरी कॅलेंडर उलटं करून त्यांनी आकडे मांडले. पान एकदाच पाडलं तर असल्या डावात शंभरातून पंच्याहत्तर वेळा सगळं जातं. दोनदा पाडलं तर छप्पन्न वेळा. सगळं जिंकणंही पंचविसावरून सहावर येतं. उरलेल्या अडतीस वेळा अर्धं याला, अर्धं त्याला, म्हणजे आपले तेवढे परत. मुलगा खोटं बोलला नव्हता. हेलकावे खरंच कमी होत होते.

पण पूर्वी गेले तर पंधरा जायचे. आता शंभरातून छप्पन्न वेळा तीस जाणार होते. दोनदा वाटून जेवढा धोका त्याने कमी केला, त्याहून जास्त स्वतःच्या हाताने वाढवून ठेवला. आणि जपून वागतोय या समाधानात त्याला ते दिसतही नव्हतं. त्यांनी बेरीज पुन्हा तपासली. चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं.

पाच वाजले. धनराजला फोन करून काय होणार? "तू फार विचार करतेस," एवढंच ऐकायला मिळणार. गेला महिनाभर त्या तेच ऐकत होत्या, आणि आता वाद घालायचं त्राणही उरलं नव्हतं.

लंकाबाईंचा नंबर त्यांच्याकडे होता. गेल्या वर्षी लंकाबाईंची सून नाशकात दवाखान्यात होती, तेव्हा डबा पोचवताना घेतलेला. टोळी बागेवरच उतरली होती. धनराज सव्वासहापर्यंत तिथून हलणार नव्हता. "उचल आजच मागून घ्या, माझं नाव सांगून," एवढंच म्हणायचं. मुकादमीणबाईंसमोर त्याची मान खाली जाईल. घरी येऊन तो चिडेल, कदाचित आठवडाभर बोलणार नाही.

न बोलू दे. त्यांनी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला.