उमेंद्रची जागल

धान लोंबीवर आलं, की दवनीवाड्यात बांधीच्या कडेला मचाण उभं राहतं. त्यावर बसून डबा बडवायचा आणि रात्रभर रानडुकरं हाकायची, ही जागल. दुधराम पटल्याचं सारं आयुष्य त्यात गेलं. पण त्याच्या पोराची, उमेंद्रची जागल काही औरच. तो गोंदियात खोली करून राहायचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि वनरक्षक भरतीचा अभ्यास करायचा. म्हणजे छातीवर मोबाइल ठेवून कॉफी प्यायचा.

पहिली कॉफी झोप येऊ नये म्हणून, दुसरी तरीही आली म्हणून. मग पोटात आग पडायची, तर वर समोसे. कॉफीनं चरबी वितळते, असं त्याला मोबाइलवरच्या कोण्या पहिलवानानं सांगितलं होतं. साखरेनं काय होते, ते यानं विचारलं नाही. कोंबडा आरवला की हा आडवा व्हायचा, आणि मेसमधली वरणाची गंजी खरवडल्याचा आवाज आला की उठायचा. उठल्यावर डोकं ठणकायचं. त्यावर औषध? कॉफी. बटणाची पॅन्ट जाऊन नाडीची आली.

गावात मात्र कौतुक. आई सुमित्राबाई शेजारणीला सांगायची, "माहा उमेंद्र रातभर जागून रायला वो. अंग बी धरलं पोट्ट्यानं!" आणि लाडवांचा आणखी एक डबा गोंदियाच्या गाडीत बसायचा.

दुधराम बिडी विझवत म्हणायचा, "अभ्यासानं डोरे जातेत म्हंतेत. ढेरी येते, हे पयल्यांदाच पाहून रायलो."

लेखी परीक्षा मात्र पठ्ठ्या पास झाला, हे कबूल केलं पाहिजे. आता फक्त धाव उरली. धावला की नागझिऱ्याचं जंगल, अंगावर खाकी, जन्माची ददात मिटली. सुमित्राबाई इकडच्याच प्रतापगडच्या देवाला नवस बोलून बसली.

खोलीतला सोबती प्रफुल रोज मैदानावर जायचा. "चल बे, दौड़ना है तुझको, सोना नहीं."

"उद्यापासून पक्कं."

याचा उद्या जेवणानंतर उजाडायचा, आणि भर उन्हात कोणी धावते का?

धाव भल्या सकाळी होती. उठणार कसं? उमेंद्रनं अक्कल लढवली. जो झोपलाच नाही, त्याला उठायचं काय भेव? थर्मास भरून कॉफी रिचवली आणि दोघं उजाडायच्या आत मैदानावर पोचले. प्रफुल पहिल्या तुकडीत धावायला गेला. उमेंद्रची तुकडी मागून होती. छाती धडधडत होती, पण ऊन पाठीवर आलं आणि तो भिंतीला टेकला. रोजची वेळ झाली होती.

नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तुकडी सुटली.

प्रफुल घामेजून परत आला, तर उमेंद्रभोवती गर्दी. कोणी ओरडला, "पानी लाव, बेहोश हो गया!"

"बेहोश नाही साहेब," प्रफुल भरतीच्या साहेबाला म्हणाला, "याची झोपायची वेळ झाली."

उमेंद्र नंतर पुष्कळ हातापाया पडला. साहेबानं त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

घरी आला तेव्हा सुमित्राबाईनं डोळ्याला पदर लावला. "थकला असन वो माहा पोरगा."

"कायचा थकला? धावलाच कुठी?" दुधरामनं त्याच्या हातात डबा दिला. "जागाची सवय हाये ना तुले? जा, बस मचानावर."

"बाबा, थोडी कॉफी..."

"डबा हाये. वाजव."

सकाळी दुधराम बांधीवर गेला. धान चटई अंथरल्यासारखं लोळलं होतं. डुकरांची खुरं मचाणाच्या अगदी खालपर्यंत उमटलेली. वर उमेंद्र, उशाला डबा घेऊन, तोंड उघडं टाकून घोरत होता.

मागून सुमित्राबाई धापा टाकत आली. "काय झालं वो?"

"काई नाई," दुधराम म्हणाला. "पोट्टा आज वेळेवर झोपला."