दोन गुंजा मोरचूद

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे तिला सांगायचं राहिलंच. मुलगा भोपाळला. घरात मी एकटा. तुम्हाला सांगतो आहे – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेल तसंही.

गोष्ट एका मलमाची आहे. एवढीशीच.

माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, आमच्या मोठ्या वहिनी, भाऊ गेल्यावर आमच्याकडेच, हजीरा मोहल्ल्यात राहत. मूलबाळ नव्हतं. पोटदुखीला ओवा, सर्दीला वेखंडाचा लेप, दिवाळीला उटणं – हे काय, घरोघरी असतंच. पण राळेचं मलम करावं तर त्यांनीच. खरूज, गळू, टाचांच्या भेगा – सगळ्यांवर तेच. दुपारी दारात तीन-चार बायका वाट्या घेऊन उभ्या असत. मराठी, हिंदी बोलणाऱ्या हिंदुस्थानी, सगळ्या. विधवा म्हणून वहिनींना हळदीकुंकवाचं बोलावणं कुणी करत नसे. वाटी घेऊन मात्र सगळ्या यायच्या.

तिळाच्या तेलात राळ कढवायची, गाळून परातीत पाण्यात घ्यायची आणि हाताने फेटत धुवायची. पाणी बदलायचं, पुन्हा धुवायचं – पांढरं लोण्यासारखं होईपर्यंत. शेवटी चिमूटभर मोरचूद. हा निळा खडा जखम वाळवतो, पण जास्त झाला तर कातडी खातो. म्हणून तो काट्यावर तोलायचा. वहिनींकडे सोनाराचा जुना लहान काटा होता आणि वजनाला गुंजा, त्या लाल बिया, काळ्या टिकल्याच्या. आठ गुंजांचा एक मासा. दहा तोळे मलमाला मोरचूद दोन गुंजा. तोलायचं काम माझं. "हिशेब भाऊजींचा, हात माझा," असं त्या म्हणत.

मी आकड्यांचा माणूस. अजूनही आहे. धोब्याचे कपडे मी दोनदा मोजतो.

मग ती वर्षं आली. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, तेही गेलं आणि आमच्या शहरातली राजधानी भोपाळला. कार्यालयं ट्रकांत भरून निघाली. आमच्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून पडावाला, स्टेशनापाशी, टांग्यातून उतरली आणि गाडीत बसली. कचेरीत कुणाला फाजील ठरवतील याची आम्हा कारकुनांना धास्ती रोजची. मी वाचलो. नवी ग्रॅमची वजनं येत होती आणि दुकानदारांना ती समजावून द्यायला माझी निवड झाली होती. पितळी वजनांची एक पेटी सरावासाठी घरी आणली. काय ऐट होती माझी!

"वहिनी, गुंजा आता मुलींना खेळायला देऊन टाका," मी म्हणालो.

"सरकार बदललं भाऊजी, खाज तर तीच आहे ना?" त्या हसल्या. पण ऐकलं. माझं त्या नेहमी ऐकत.

मी त्यांच्या सगळ्या औषधांचा तक्ता केला – जुनं वजन, समोर नवं – आणि भिंतीला लावला. मासा म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्या भरात दोन गुंजांसमोर मी दोन ग्रॅम लिहिलं. दोन मासे असते तर बरोबर होतं. गुंजा होत्या. म्हणजे आठपट. पडताळा केला नाही. मी – ज्याने दुसऱ्याच्या बेरजाही पडताळल्या – केला नाही.

तोललंही मीच. मलम झाल्यावर वहिनींनी परात उजेडात धरली. "रंग हिरवट दिखतोय, भाऊजी."

"खडा ताजा आहे," मी म्हणालो. त्यांनी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. मी उत्तर दिलं होतं.

पहिली वाटी गेली पलीकडच्या पवारीणबाईंकडे. त्यांच्या सात वर्षांच्या शकूच्या गालावर इसब होतं. दोन दिवस पट्टी बांधून ठेवली. पोर रडत होती, तर औषध लागतंय असं समजून आईने सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सोडली तेव्हा गालाची कातडी पट्टीबरोबर आली.

पवारीणबाई दारात आल्या. आवाज चढवला नाही. "वैनी, आपल्याला दिखत नसेल तर सांगायचं होतं. पोरीचा चेहरा आहे हो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी कुठे पाहिलं? भिंतीवरच्या तक्त्याकडे. आणि तेव्हाच, त्या क्षणी, मला ती ओळ दिसली. आठ गुंजांचा मासा, हे मला पाचवीपासून पाठ. मला कळलं होतं – हे तुम्ही नीट ऐका. कळल्यावर मी बोललो.

मी म्हणालो, "वहिनींची नजर हल्ली कमी झाली आहे."

नवी वजनं शिकवणाऱ्यालाच गुंज आणि ग्रॅम कळत नाही, ही बातमी हजीऱ्यातून कचेरीत जायला किती वेळ लागला असता? तेवढाच विचार मनात होता. पोरीच्या गालाचा नव्हता. वहिनींचा तर नव्हताच.

वहिनींनी हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाल्या.

तक्ता मी त्याच दुपारी फाडला आणि बरोबर आकडा घालून नवा लावला. कुणासाठी? वाट्या यायच्या थांबल्या. वहिनी रोज जेवणानंतर परात घासून दारापाशी बसत. बायका समोरून जात. कुणी मान हलवी, कुणी तेही नाही. दोन वर्षं अशी गेली. त्या दोन वर्षांत त्यांनी माझ्या पानात पहिली पोळी वाढायची कधी चुकवली नाही.

मग त्या उज्जैनला भावाकडे जायला निघाल्या. टांग्यात बसताना म्हणाल्या, "काट्याचा डबा ठेवलाय, भाऊजी. मला आता काय कामाचा?" पुढच्या वर्षी त्या गेल्याची तार आली.

डबा तेव्हा उघडला. काटा, गुंजांची थैली, आणि तळाशी फडक्याची एक गाठ. सोडली. आत माझं दोन ग्रॅमचं पितळी वजन – मी पेटीतून हरवलं म्हणून कचेरीत लिहून दिलेलं – आणि गुंजा. मोजल्या. सोळा.

एका पारड्यात वजन ठेवून, दुसऱ्यात एकेक बी टाकत त्यांनी तोललं होतं. दोन हव्या होत्या, सोळा बसल्या. कधी तोललं असेल? पहिल्याच दिवशी? आणि नंतरच्या सगळ्या पोळ्या?

शकूचं लग्न झालं. माहेरी आली की रस्त्यात भेटते. गालावर रुपयाएवढा पांढरा डाग आहे. "काका, बरे आहात ना?" विचारते. मी हो म्हणतो. गल्लीत अजून कधी त्या मलमाची आठवण निघाली, तर म्हणतात, बिचारीची नजर गेली होती.

वहिनींची नजर चांगली होती. टांग्यात बसल्या त्या सकाळी माझ्या कोटाचं बटण लावताना सुई त्यांनीच ओवली. पहिल्या खेपेला.