साडभावाची मोटार आणि माझा नाकतोडा

माझ्या साडभावाने मोटार घेतली त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. बायको विचारायची, भाजीत मीठ कमी झालं का? मी म्हणायचो, बराबर आहे. भाजीत काहीच कमी नव्हतं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दिग्रसला कपड्याचं दुकान. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि बोलणं असं मऊ की समोरच्याला आपणच भांडखोर आहोत असं वाटावं. मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला, चौथी शिकलेला, कोरडवाहू कापूस पेरणारा. पण मोठा जवाई मी. माझं लग्न आधी झालं, त्याचं मागून, आणि हे काही कोणाला पुसता येत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव असा बसला होता की माल बाजारात न्यायचा हुरूपच राहिला नव्हता. ज्याच्या घरात जागा होती त्याने कापूस घरात भरला आणि वाट पाहत बसला. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. सगळ्यांचे हात असे आखडलेले आणि अशा वर्षात हा माणूस मोटार घेतो. नवी नाही, जुनीच, गोल पाठीची, आमच्या लहानपणी मोठ्या लोकांकडे असायची तशी. यवतमाळच्या मिस्त्रीकडून सगळी नव्यासारखी करून घेतली, सायीसारखा रंग दिला, चालवायला ड्रायव्हर ठेवला. स्वतः पान्याला हात लावला नाही. सासूबाई पुढच्या सीटवर बसून देवळात जाऊन आल्या आणि गावभर सांगत सुटल्या, "धाकट्या जवायाच्या गाडीत पोटातलं पाणी हालत नाही माय."

माझ्या बैलगाडीत त्यांच्या पोटातलं पाणी हलायचं, हे मला तेव्हा कळलं.

तरी मी गप्प होतो. माझ्या साळ्याचं, म्हणजे बायकोच्या एकुलत्या भावाचं साक्षगंध झालं, साखरपुडा म्हणा, तिथे मात्र हद्द झाली. मुलीचं गाव लांब. सासूबाई, नवरदेव, धाकटी लेक आणि साडभाऊ मोटारीतून गेले. मी आणि बायको भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये. आत जागा नव्हती म्हणून मी टपावर, एका बोकडाच्या शेजारी. पोचलो तर टिळे लागून गेले होते. मुलीकडच्यांनी पहिला टिळा, टोपी, दुपट्टा, नारळ मोठ्या जवायाला द्यायचा असतो. मोठा जवाई टपावर होता, म्हणून त्यांनी जो समोर दिसला त्याला दिला.

साडभाऊ उठून माझ्याजवळ आला, नारळ पुढे केला. "साडभाऊ, हे तुमचंच आहे. मी म्हटलं त्याइले, मोठे जवाई येऊन राह्यले, थांबा. आइकलंच नाही कोणी."

"राहू द्या," मी म्हटलं. "नारळ कोणाच्याही हातात फुटते."

त्याच दिवशी मी ठरवलं. लग्नात नवरदेव माझ्या गाडीतून मांडवात जाईल, गाडी मी चालवीन, आणि पहिला टिळा कोणाला लागतो ते पाहू.

दिग्रसच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कारखान्यामागे बाभळीखाली एक जीप कुजत होती. कधीकाळी लष्कराने निकामी म्हणून काढलेली. तिच्या बुडातून गवत वर आलं होतं. भंगारवाल्याने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की दोघांपैकी जास्त भंगार कोण. बैलांनी ओढत घरी आणली. गावातलं कोणतंही शेतपंपाचं इंजिन रुसलं की लोक मलाच बोलवत. मला ते कोणी शिकवलं नाही. लोखंड खोटं बोलत नाही, एवढंच मला माहीत होतं.

जुनं पेट्रोल इंजिन दगडासारखं जाम. मी ते काढून फेकलं आणि एका उलटलेल्या काळीपिवळीचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. विहीर खोदायच्या तीन बल्ल्या उभ्या केल्या, चेनपुली टांगली आणि अंगणात इंजिन खाली उतरवलं. ते बसेचना. लांबीला जास्त. मग रेडिएटर पुढे सरकवलं, पुढची जाळी कापली, तरी बोनेट लागेना. म्हटलं, नाही लागत तर नको. इंजिन उघडंच राहू दे, लोकांना दिसू दे काय केलंय ते. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला. पहिल्यांदा जोड किंचित वाकडा बसला आणि गाडी अशी थरथरली की माझी टोपी डोळ्यावर आली. पुन्हा कापला, पुन्हा जोडला. मागे मोठे टायर लावले, कारण भंगारात तेच मिळाले. त्यामुळे गाडीचं बूड वर आणि तोंड खाली. सायलेन्सर ट्रॅक्टरसारखा आकाशाकडे काढला. लाल रंग मी स्वतः मारला.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. मी गाडीखाली, बायको वर.

"दाब!"

"दाबला."

"दाबून धर! सोडला काहून?"

"चुलीवर भाजी लागून राह्यली वो. तुमची हवा काढू का भाजी पाहू?"

"एक दिवस भाजी जळली तं काय होते?"

"कोणाचं तरी रोजच जळून राह्यलं ना या घरात," ती म्हणाली आणि पायडल धरून बसली.

पहिल्यांदा गाडी गावातून काढली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारा म्हणाला, "हा तं नाकतोडा आहे रे!" तेव्हापासून तिचं नाव नाकतोडा. मला राग आला नाही. साडभावाच्या मोटारीला कोणी नावच ठेवलं नव्हतं.

सासूबाईंना आवाज आवडला नाही. पण साळा तरुण होता. उघडं इंजिन पाहून त्याचे डोळे चमकले. "आई, मी याच्यातच बसीन. मोटार तं सगळेच नेतात." मी साडभावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर काही हललं नाही. उलट गाडीला फेरी मारून म्हणाला, "लय भारी बनवली साडभाऊ. इंजिन तं असं बसलं जसं कंपनीनंच बसवलं. मांगच्या सीटले गादी नाही वाटते अजून? माह्याकडं फोम पडला आहे. मोटारीच्या जुन्या गाद्यातला. चांगला आहे. पाठवून देऊ का?"

म्हणजे त्याच्या बुडाखालून निघालेला फोम माझ्या नवरदेवाच्या बुडाखाली. "फोम लागत नाही मले," मी म्हटलं. "घरी खोली भरून कापूस आहे. फोम काय, कापूस काय, बसून पाह्यल्यावर समजंन."

मखमल मी दारव्ह्याच्या बाजारातून आणली. त्याच्या दुकानातून सूतही घ्यायचं नव्हतं. बायको खोळ शिवत होती. मी पोत्याने कापूस आणून ओतला तेव्हा ती मशीन थांबवून म्हणाली, "असाच? सरकीसकट? अवो, पिंजून आणा. नाही तं दोन दिवस उन्हात तरी घाला. चैत्र लागल्यापासून त्या खोलीत कोणी पाय ठेवत नाही, अंग खाजवते म्हणून. आन् तुमी तोच कापूस नवरदेवाले देता?"

"वरून मखमल आहे ना."

"मखमल काय पत्रा आहे?"

पिंजणारा दुसऱ्या गावी गेलेला. तो परत येईपर्यंत थांबलो असतो, तर मग साडभावाचा फोम घ्या, असं कोणीतरी म्हटलंच असतं. मी गादी ठासून भरली. दिसायला अशी दिसत होती की राजाने बसावं. मी मात्र तिच्यावर बसलो नाही. माझी चालवायची सीट जुनी पत्र्याचीच होती, तिच्यावर घोंगडी.

लग्न वैशाखातलं, भर उन्हातलं. वऱ्हाड उतरलं होतं त्या घरापासून मांडवापर्यंत वरात निघाली. पुढे बँड, मग माझा नाकतोडा, मागे ती सायीच्या रंगाची मोटार, तिच्यात सासूबाई आणि साडभाऊ. नवरदेव मागे मखमलीवर, डोक्याला बाशिंग, अंगात कोट. पोरं उघड्या इंजिनकडे बोट दाखवून धावत होती. बायका ओट्यावर आल्या होत्या. मी मागे वळून एकदा मोटारीकडे पाहून घेतलं. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल.

वरात चावडीपर्यंत पोचली आणि साळा हलायला लागला. आधी एक खांदा, मग दुसरा. मग पाठ गादीला घासू लागला. त्याचे मित्र ओरडले, "नवरदेव नाचून राह्यला! वाजव रे!" बँडवाल्यांनी चाल वाढवली. मित्र गाडीभोवती तसेच खांदे हलवत नाचू लागले.

साळा माझ्या कानाशी वाकला. "भाऊजी, काय भरलं या गादीत?"

"घरचा कापूस."

"लय खाज सुटली ना भाऊजी."

"उन्हाची असंन."

"ऊन पाठीले लागते. बुडाले कसं लागंन?"

"बस चुपचाप. मांडव तो काय दिसून राह्यला."

"भाऊजी, मांडवात पोचेपर्यंत मी कोट काढून फेकीन. तुमच्या पाया पडतो, थांबवा."

मी थांबवली नाही. गिअर बदलला आणि समोर पाहिलं. मागून धप्प आवाज आला. नवरदेवाने चालत्या गाडीतून उडी मारली होती. बाशिंग एका हातात धरून तो मोटारीकडे पळाला. दार उघडलं, आत गेला, दार लागलं. आत सासूबाईंनी त्याच्या पाठीला खोबऱ्याचं तेल चोळलं, आणि साडभावाजवळ नवा कोरा सदरा होता म्हणे. त्याच्याजवळ सगळं असतं.

बँड थांबला होता. लाल मखमलीची रिकामी गादी सगळं गाव पाहत होतं. मी स्टेअरिंग धरून बसलो, उतरलो नाही. उतरलो असतो तर गाडी तिथेच सोडून घरी पायी गेलो असतो.

साडभाऊ मोटारीतून उतरून माझ्याजवळ आला. "रिकामी गाडी मांडवात बरी दिसत नाही साडभाऊ," तो हळू म्हणाला. "मी बसतो."

"खाजंन तुमाले."

"खाजू द्या. चाला."

आणि बसला. पांढरा सदरा, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. बँड पुन्हा सुरू झाला. मी आरसा फिरवून त्याच्यावर लावला. रस्त्याकडे कमी आणि आरशातच जास्त पाहिलं. तो लोकांना नमस्कार करत होता, हसत होता. त्याने एकदाही खाजवलं नाही. कानाची पाळीसुद्धा नाही.

मांडवाच्या दारात मुलीकडच्या बायका आरती घेऊन धावत आल्या आणि त्याला पाहून थबकल्या. "अवो माय, नवरदेव एवढा पिकला कसा?"

"नवरदेव मांगं आहे बाई," साडभाऊ म्हणाला. "मी फक्त जागा धरून आलो."

सगळा मांडव हसला. एका म्हातारीने तर त्यालाच ओवाळलं. गाडी मी बनवली, इंजिन मी बसवलं, हात माझे काळे झाले, आणि गाव खुश झालं त्याच्यावर.

मग मी एकच धरून बसलो. हा माणूस खाजवतो कधी ते पाहायचं. अक्षता पडल्या, तो उभा. सरबत आलं, तो शांतपणे प्यायला. मग एकदम दिसेनासा झाला. मी मागोमाग गेलो. मांडवामागे पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या आडोशाला साडभाऊ उघडा बसला होता आणि तांब्याने अंगावर पाणी घेत होता. पाठ सगळी लाल, गांधीच गांधी उठलेल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

त्याने मान वळवली. "बरं झालं आले. पाठीवर हात पोचत नाही. साबण लावून पाणी टाका जरा."

मी साबण लावला. पाणी टाकणार, तेवढ्यात मांडवातून हाक आली. "मोठे जवाई कुठं आहेत? मोठ्या जवायाले बोलवा, टिळा लावाचा आहे!"

तांब्या माझ्या हातात, साबण त्याच्या पाठीवर. मी तांब्या त्याच्या हातात दिला आणि गेलो. त्यालाही दोन हात होते.

पहिला टिळा मला लागला. टोपी मला, दुपट्टा मला, नारळ मला. मुलीच्या बापाने हात जोडले, म्हणाला, "मोठे जवाई, चूकभूल माफ करा." मी मान हलवली. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. तेवढ्यात साडभाऊ आला, केस ओले, दुसरा पांढरा सदरा घातलेला, आणि माझ्या शेजारी उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, दोघे जवाई जवळ या. मी सकाळपासून डिझेलच्या धुरात, टिळा घामाने नाकापर्यंत उतरलेला. सासूबाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "धाकट्यानं पाहा कसं अंग धुऊन घेतलं. किती ताजा दिसून राह्यला!"

तो फोटो अजून साळ्याच्या घरी भिंतीवर आहे. नवीन पाहुणा आला की दुपट्टा माझ्या खांद्यावर असूनही साडभावाकडे बोट दाखवून विचारतो, हे मोठे जवाई का? मी समोर बसलेला असलो तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. बायको म्हणते, फोटोतले दोघंही म्हातारे झाले, आता तरी राहू द्या. राहू कसं देऊ? माझं लग्न आधी झालं आहे.