साड्यांच्या कपाटातलं समन्स

नवऱ्याने बायकोच्या साड्यांच्या कपाटात लपू नये. डांबरगोळ्यांनी शिंका येतात.

पण माझा नाइलाज होता. अमेरिकेत, क्युपर्टिनोत गाडी रिव्हर्स घेताना मी एका बाईंच्या अंगणातलं सिमेंटचं हरिण आडवं केलं आणि बाई कोर्टात गेल्या! आता माझं लायसन्स जाणार, या धास्तीने मला घास गोड लागेना. नापास होत होत कसंबसं मिळालेलं लायसन्स ते! (दसऱ्याला त्यावर हळदकुंकूही वाहिलं होतं.)

माझे सासरे, अप्पा, तेव्हा आमच्याकडे आले होते. साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ म्हणून समन्सं बजावण्यात त्यांची हयात गेलेली.

"जावईबापू, घाबरू नका. कागद हातात घेतलाच नाही तर समन्स बजावलं कसं? लोक माझ्या भीतीने कणगीत लपायचे!"

"मग?"

"सगळे सापडायचे! पण तुम्हाला खुद्द मी लपवतोय."

त्यामुळे बेल वाजली की मी कपाटात, आणि माझी बायको सुनंदा दारात. "ही इज नॉट होम!" समन्सवाला निमूट परत जाई. त्या शनिवारी मात्र तो भर उन्हात घाम पुसत पायरीवरच बसला. अप्पांनी पडद्याआडून पाहिलं आणि ते हळहळले.

"सुनंदे, बिचाऱ्याला पाणी तरी विचार."

"अहो अप्पा, तो यांना पकडायला आलाय!"

"म्हणून काय झालं? मलाही लोक असंच ताटकळत ठेवायचे!"

पाण्यामागून पोहे आले. अप्पांचं मराठी, त्याचं इंग्रजी, गप्पा झकास! अप्पांनी धोतर वर करून कुत्रा चावल्याची खूण दाखवली. त्यानेही लगेच पँट वर केली. इतक्यात मी शिंकलो.

"आतल्या खोलीत. डावीकडचं कपाट," अप्पा मराठीत म्हणाले. बोटाने दाखवलं, म्हणून त्याला समजलं.

मी खांद्यावरच्या पैठणीसकट बाहेर आलो. "सर, प्लीज, लायसन्स नेऊ नका!"

"ते मी नेत नाही," तो हसून म्हणाला. "आणि लपलात कशाला? लायसन्स घेताना तुम्हीच सही करून मान्य केलंय. दोनतीन खेपा फुकट गेल्यावर या पत्त्यावर घरातल्या मोठ्या माणसाकडे कागद दिले आणि एक प्रत पोस्टाने पाठवली, की तुम्हाला मिळाले असंच धरतात. पोस्टाचं मी बघतो. कागद केव्हाच दिलेत."

मी अप्पांकडे पाहिलं. ते त्याच कागदांनी वारा घेत होते.

पुढे बाईंना नवं हरिण आणून दिलं, लायसन्स वाचलं. पण अप्पांनी त्याच संध्याकाळी साताऱ्याला ट्रंककॉल लावला आणि सासूबाईंना ओरडून सांगितलं, "ऐकतेस का? अमेरिकेत समन्स बजावलं! इसम कपाटात मिळून आला! अगं, इसम कोण काय विचारतेस? आपलाच जावई!"