तान्ह्यांचं वळण

आमच्या कचेरीत एक शिळा विनोद आहे. कुणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर सांगायचं, आम्ही ओढे ओढतो. नवीन माणूस हसतो, जुने आपापल्या स्क्रीनकडे बघत बसतात. मी जुन्यांतली.

काम मात्र खरंच तेच आहे. जिल्ह्यातल्या नद्या, ओढे, नाले यांचा संगणकावरचा नकाशा करायचा. स्क्रीनवर जुना सर्व्हेचा नकाशा असतो, त्याच्याखाली उपग्रहानं काढलेलं आजचं चित्र. ओढा दिसेल तसतसं माऊसनं टिंब टिंब देत जायचं, की मागं निळी रेघ उमटते. नियम एकच, रेघ उगमाकडून सुरू करायची आणि खाली नदीला नेऊन सोडायची. तुम्ही ज्या दिशेनं ओढाल त्याच दिशेनं पाणी वाहतं, असं ते यंत्र धरून चालतं. घाईत कुणी उलटी ओढली तर पाणी डोंगर चढायला लागतं, आणि मग दिवसभर त्या माणसाची खैर नसते.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमी जल्मभर ओढ्याला धुनं धुतलं, आमाला न्हाई कुनी नोकरी दिली."

आमचं गाव नेवाशाच्या अलीकडे. ओढा गावाला वळसा घालून पुढं प्रवरेला मिळतो. मी कामाला नगरला असते. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, पण आई अजून "नगरहून कवा येती?" असंच विचारते. नाना, म्हणजे माझे वडील, जाऊन आता काही वर्षं झाली. आई गावी एकटीच राहते आणि तिला एकटं म्हटलेलं अजिबात खपत नाही.

तर एके दिवशी कामाच्या वाटपात माझ्याच गावाचा तुकडा माझ्या स्क्रीनवर आला. मला केवढा आनंद झाला! शेजारच्या टेबलांवर जाऊन मी सांगून आले. जुन्या नकाशात आमचा ओढा अगदी ठसठशीत होता. गावाच्या खालच्या अंगाला त्याचं ते मोठं वळण, कडेवर मूल घेतलेल्या बाईची कंबर एका अंगाला झुकते तसं. आजच्या चित्रात मात्र तिथं फूटपट्टी लावल्यासारखा सरळ चर. काही वर्षांपूर्वी ओढ्याचं खोलीकरण आणि सरळीकरण झालं तेव्हाचा. आम्ही आज जे दिसतं तेच काढतो. वळणाला पुष्कळ टिंबं द्यावी लागतात, सरळ ओढ्याला दोन पुरतात. माझ्या गावचा ओढा बघता बघता ओढून झाला आणि मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

मग नावाचा रकाना. नावं काही उपग्रहातून दिसत नाहीत. त्यासाठी आमच्यातली एक मुलगी गावोगाव फिरून, लोकांना विचारून, मोबाईलवर नोंद करून आणते. आमच्या ओढ्यापुढं तिनं लिहिलं होतं, तान्होबा ओढा.

मी हसले. खंडोबा माहीत आहे, म्हसोबा माहीत आहे, बिरोबाच्या तर यात्रेला गेले आहे. हा तान्होबा कोण? त्या गावात जन्मले, वाढले, आणि देव मला न सांगताच प्रकट झाला? त्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "ताई, पानटपरीवरच्या पोरांनी सांगितलं. इथं पूर्वी तान्होबाचं वळण होतं म्हणे. देऊळ कुठंय विचारलं, तर म्हणाले देऊळबिऊळ काही नाही, पण म्हाताऱ्या बाया तिथून जाताना हात जोडायच्या." तिची काय चूक? आमच्या मुलखात कशाच्याही पुढं बा लावला की देव होतो.

संध्याकाळी आईला फोन लावला. म्हटलं, "आई, आपल्या गावात नवीन देव निघालाय. तान्होबा."

एरवी अशा गोष्टीवर ती मला दोन ऐकवल्याशिवाय राहिली नसती.  या वेळी नुसतं म्हणाली, "कोन म्हनलं तान्होबा?"

"पोरं म्हणली गावातली."

"त्यांना काय ठावं हाय." लगेच पुढं म्हणाली, "सुट्टीला ये. फोनवर न्हाई सांगायचं ते."

आणि तिनं फोन ठेवला. आमच्या आईनं आपण होऊन फोन ठेवायची ही पहिलीच वेळ असावी. 

सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावी गेले. लॅपटॉप बरोबर होता, का घेतला होता ते मलाही सांगता येणार नाही. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून मूठभर मेथी ओढून घेतली. मेथी निवडायला बायका समोरासमोर बसल्या की डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून बरं असतं.

"तान्होबा न्हाई ते," ती म्हणाली. "तान्ह्यांचं वळन. तान्ही लेकरं तिथं ठिवायचे."

लहान लेकरू गेलं तर आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. पण कुठं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वळणाच्या आतल्या अंगाला, ती सांगत होती. तिथं माती मऊ असते, दगड लागत नाही, आणि ती जागा कुणी नांगरत नाही. धंद्यामुळं मला यातलं कारणही कळलं. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि बरोबर आणलेला गाळ तिथं सोडून पुढं जातं. एवढंच. त्या क्षणी हे माझ्या डोक्यात यावं याचा मला राग आला.

"तुज्या आदी एक हुती," आई म्हणाली.

मी घरातली थोरली. सगळं आयुष्य मी थोरली म्हणून काढलं. थोरलीनं समजून घ्यायचं, थोरलीनं आधी वाढायचं आणि मागून जेवायचं, थोरलीनं रडायचं नाही. आणि इतक्या वर्षांनी मेथीच्या ढिगाऱ्यापलीकडून मला कळत होतं, की मी दुसरी.

"नाव काय होतं तिचं?"

"बारशाच्या आदीच गेली. नाव कुठलं?"

तिला नानांनीच नेलं होतं. बाईमाणसानं जायचं नाही, तशी रीत. परत आल्यावर आईनं एकदाच विचारलं आणि नानांनी एकदाच सांगितलं, वळणाच्या आत, करंजाखाली. पुढं दोघांत तो विषय कधी निघाला नाही. आई मात्र धुणं घेऊन त्याच वळणाला जायची. गावाजवळचा चांगला धुण्याचा दगड सोडून ही एवढ्या लांब का जाते, म्हणून सासूच्या शिव्या खायची आणि तरी जायची. हात जोडणाऱ्या म्हाताऱ्या बायांतली एक माझी आई होती, हे त्या पानटपरीवरच्या पोरांना तरी कुठून कळणार?

"मंग त्यांनी ओढा सरळ केला," ती म्हणाली. "करंज गेलं, वळन गेलं. आता कुटं उभं र्‍हावं तेबी समजंना. तू म्हनली हुतीस ना, तुज्या त्या नकाशात जुनं समदं दिसतं? मला दाव. ती कडंला र्‍हायली असंल तर एक डाव जाऊन बसते तिच्यापाशी. हातपाय चालत्यात तवर."

मी लॅपटॉप उघडला. जुना नकाशा आजच्या चित्रावर चढवला आणि जरासा फिका केला, म्हणजे दोन्ही एकदम दिसावीत. असं मी रोज करते.  निळं वळण हळूहळू वर उमटलं आणि त्याच्या खालून आजचा चर दिसायला लागला. ओढा सरळ करताना वळणाचं पोट फाडूनच चर न्यावा लागतो, दुसरा मार्गच नसतो. आतली सगळी जागा, करंज जिथं असेल तीसुद्धा, बरोबर चराच्या मधोमध होती.

आई पुढं वाकली. "हे वळन?"

"हो."

तिनं बोट पुढं केलं आणि त्या वळणाच्या आतून हळूच फिरवलं, तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवतात तसं. आमचा लॅपटॉप बोटानं चालणारा. नकाशा सगळा सरकला आणि भलत्याच गावची वावरं समोर आली. तिनं चटकन हात मागं घेतला.

"सरकलं की गं. मी काय केलं?"

"काही नाही आई. पुन्हा लावते."

पुन्हा लावला. आता तिनं हात पदराखाली ठेवला. मी म्हणाले, "ही बघ, हा आत्ताचा ओढा. आणि करंज ना, ते या इथं, काठाला. अगदी काठाला आहे. मी नेते तुला उद्या."

तिनं स्क्रीनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुला न्हानपनापासनं खोटं बोलता येत न्हाई," ती म्हणाली.

मला रडू आलं. ती रडली नाही. काड्या गोळा करून तिनं बाजूला सारल्या आणि मग ओढा खणायला पोकलेन आलं त्या दिवसाचं सांगितलं. नारळ फोडला, पेढे वाटले, सगळा गाव ओढ्यावर जमलेला. पाणी साठणार, विहिरींना उतरणार, म्हणून लोक खूश. नाना पुढंच होते. आई लांब बांधावर उभी राहिली. ओरडून थांबवायचं तर काय म्हणून थांबवायचं? ज्या पोरीला नाव नाही, जिचं कुणाला ठाऊक नाही, तिच्यासाठी पोकलेन थांबवा म्हणायचं? निघालेला गाळ तर सोन्यासारखा होता. वावरात टाकायला ज्याचे त्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे. वळणाच्या आतला गाळ सगळ्यात चांगला, म्हणून त्यावर सगळ्यांचा डोळा.

"आपल्या वावरात बी आला," आई म्हणाली. "ह्यांनीच आनला."

"नानांना आठवलं नसेल?"

"मी इचारलं न्हाई. काय इचारायचं?"

तिनं निवडलेली मेथी टोपलीत भरली. मग ती म्हणाली, "त्या साली कांदा लई चांगला आला बघ आपला. मी न्हाई खाल्ला."

मला ते साल आठवलं. असा कांदा आमच्या वावरात पूर्वी कधी पिकला नव्हता. आईनं मात्र त्या वर्षी कांदा तोंडाला लावला नाही. पित्त होतं, म्हणायची. मी तिला चिडवायची की आई माळ न घालता माळकरी झाली. घरातले सगळे हसायचे. नाना हसायचे नाहीत. ते उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, त्यांना अशी थट्टा आवडत नाही.

"मनात शंका हुती नुसती," आई म्हणाली. "कडंला र्‍हायली असंल, असं बी वाटायचं. आता न्हाई र्‍हायली शंका."

मी हे काय करून बसले? नकाशा उघडला नसता तर तिच्यापाशी निदान ती शंका तरी राहिली असती. मी तसं म्हणालेही. तिनं मला गप्प केलं. म्हणाली, मीच दाव म्हनलं.

निघताना मी विचारलं, "मग नावाचं काय करू? तान्होबाच ठेवू का? तेवढंच देवाचं नाव."

ती एकदम उसळली. "बाप्या देव कशाला? लेकरं हुती ती! कुनाची पोरगी, कुनाचा पोरगा. समद्यांच्या आयांनी नऊ महिने वागवल्याली. तान्ह्यांचं वळन, असंच ल्ही."

कचेरीत आल्यावर मी ओढ्याच्या नावातला तान्होबा खोडला आणि तान्ह्यांचं वळण असं लिहिलं. ज्या मुलीनं नोंद आणली होती तिला कारण सांगितलं. दुपारी डबा खाताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. नंतर ते काम तपासणीला गेलं.

काही दिवसांनी परत आलं. ओढ्याच्या रेषेवर तपासनीसाचा शेरा होता: "या ठिकाणी वळण आढळत नाही. नाव तपासावे." त्याचं बरोबर होतं. मीच दोन टिंबांत तो ओढा सरळ ओढला होता. खाली उत्तरासाठी चौकट असते. तिच्यात मी आधी लिहिलं, पूर्वी होतं. मग माझी बोटं आपोआप पुढं चालली आणि मी लिहिलं, माझी थोरली बहीण तिथं आहे.

ते वाक्य मी बराच वेळ बघत बसले. मग खोडलं. कुणी हसेल म्हणून नाही. ते खरं नव्हतं, म्हणून. ती तिथं नाही. ती आमच्या वावरात आहे.